रिंग सरळ होती

१

“साहेब, माझ्या पोरानं पिस्टनची रिंग उलटी बसवली असं तुम्ही सरकारी कागदावर लिहिलंत. तुम्ही खोटं लिहिलंत, आणि ते खोटं आहे हे तुम्हाला लिहिताना ठाऊक होतं.”

अर्ज एवढाच होता. खाली सही : हंबीरराव शेडगे, निवृत्त हवालदार. खिडकीतल्या कारकुनानं तो दोनदा वाचला आणि परत सरकवला. अर्जाला विषय नाही, अहवालाचा क्रमांक नाही, शिवाय साहेबांना उद्देशून अशी भाषा चालत नाही, असं त्याचं म्हणणं. हंबीररावानं त्याच्याच समोरचं पेन उचललं, अहवालाचा क्रमांक टाकला आणि डोक्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं, ‘विषय : खोटेपणा’. मागं रांग वाढत होती. कारकुनानं शिक्का मारला.

अठरा वर्षं फौजेच्या गाड्या आणि रणगाडे खोलून परत जोडण्यात घालवलेला हा माणूस. पाटणच्या वरच्या अंगाला वाडी, खाली ऊस. मुलगा शिवतेज लहानपणी बापाच्या पाना-पकडीशी खेळला आणि मोठा होऊन मालवाहू जहाजावर फिटर लागला. शेजारच्या कोंडीबाचा मल्हार त्याच्याच शब्दावर त्याच जहाजावर गेला. मार्च महिन्यात, कोलंबो सोडून दोन दिवस झाले असताना, इंजिनात भडका उडाला. दोघं एकाच वेळी गेले.

ऑगस्टात सरकारच्या नौवहन खात्याचा अहवाल आला. तीन नंबरच्या सिलिंडरची सगळ्यात वरची रिंग मयत फिटरने उलटी बसवली, त्यामुळे आग पिस्टनच्या खाली उतरली, सबब सदर मृत्यू मयताच्या निष्काळजीपणामुळे. दोन पानं, एक सही.

त्या दोन पानांनी वाडीत जे केलं ते त्या भडक्यानंही केलं नव्हतं. दोघांची दिवसकार्यं एकत्र झाली होती, दोघांच्या आया एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या होत्या. अहवाल आला त्याच आठवड्यात कोंडीबानं सामाईक बांधावरची वाट बाभळीच्या फांद्या टाकून बंद केली. हंबीररावाच्या तोंडावर त्यानं विचारलं, “तुझ्या पोरानं माझं पोर खाल्लं का न्हाई, एवढंच सांग.” हंबीररावानं ती रिंग पाहिलीच नव्हती.

सप्टेंबरात शिवतेजची पेटी आली. काळी, लोखंडी, बापानंच दिलेली. जहाजावरचा सेकंड इंजिनियर, एक केरळचा माणूस, त्यानं ती मुद्दाम थांबवून ठेवली होती आणि अहवाल वाचल्यावर पाठवली होती. कपडे, एक वही, रिंगांचं दुमडलेलं खोकं आणि तळाशी घोंगडीत गुंडाळलेल्या चार रिंगा. मोठ्या परातीएवढा घेर. तीन वापरलेल्या, काळ्या पडलेल्या, त्यांतली एक दोन जागी मोडलेली. चौथी कोरी. बरोबर हिंदीत एक ओळ : “हवालदारसाब, आपके लड़के का काम सही था. खुद देख लीजिए.”

वापरलेल्या प्रत्येक रिंगेवर सिलिंडरचा नंबर खडूनं घातलेला होता. हंबीररावानं तीन नंबरची मोडलेली रिंग उजेडाला धरली. रिंगेच्या एका अंगावर कारखान्यात ‘टॉप’ अशी अक्षरं ठोकलेली असतात. ते अंग वर, असा नेम. इंजिन चालू असताना आगीचा दाब रिंगेला खाली रेटतो, म्हणून खालचं अंग खाचेच्या तळाशी घासून आरशासारखं होतं आणि वरच्या अंगावर काजळी बसते. हे पुस्तकात असेल नसेल, हंबीररावानं हजार रिंगांवर पाहिलं होतं.

‘टॉप’ची अक्षरं काजळीनं भरलेली होती. दुसरं अंग चकचकीत होतं.

पोरानं रिंग सरळ बसवली होती. हंबीररावानं तुकडे पेटीवर ठेवले, आणि मग त्याच्या डोक्यात दुसरा प्रश्न आला. रिंग सरळ होती, तर ती मोडली कशानं?

२

त्यानं आधी बाभळीच्या फांद्या उपटल्या. मग कोंडीबाच्या दारात जाऊन उभा राहिला. कोंडीबा गोठ्यात वैरण टाकत होता. तो म्हणाला, वाट उघडायला तुला कुणी सांगितलं. हंबीरराव म्हणाला, चल, तुला एक आवाज ऐकवतो. ऐकून झाल्यावर फांद्या मी स्वतः परत टाकतो.

पडवीत चारही रिंगा मांडल्या होत्या. कोंडीबाला इंजिनातलं काही कळत नव्हतं, तेव्हा हंबीररावानं त्याला बैलाच्या खुराचं उदाहरण देऊन सांगितलं. खूर झिजू नये म्हणून नाल मारतो, तशी या वरच्या रिंगेला बाहेरच्या कडेवर कठीण कोटिंग असतं, नखाच्या जाडीचं. सगळी आग तिच्या अंगावर. ते कोटिंग उडालं की रिंग सिलिंडर ओरबाडते, अडकते, मोडते, आणि वरची आग खाली जिथं तेल आहे तिथं जाते.

“मग उडलंय का?” कोंडीबानं विचारलं.

उडालं होतं. पण सगळीकडून नाही. तिन्ही रिंगांवर बोटभर रुंदीचे ठिपके सोलून निघाले होते, पाच, एका ओळीत, शेजारी शेजारी. बाकीचं कोटिंग शाबूत. रिंगेला एका जागी चीर असते, ती पिस्टनवर चढावी म्हणून. हंबीररावानं त्या चिरेपासून पहिल्या ठिपक्यापर्यंत दोरी लावली. एक वीत आणि चार बोटं. दुसऱ्या रिंगेवर तीच दोरी, तेच अंतर. तिसरीवर मोडलेले तुकडे जुळवले, तेच.

“सिलिंडरची आतली भिंत खराब असती तर?” तो स्वतःशीच बोलत होता. खाचेत रिंग मोकळी असते, फिरत राहते. तीन वेगळ्या सिलिंडरांत तीन रिंगा आपापल्या फिरत होत्या. सिलिंडरची खोड असती तर डाग तीन ठिकाणी पडले असते. जे काही झालं ते रिंगा बोटीवर चढायच्या आधी झालं होतं, आणि तिन्ही एकत्र असताना.

मग त्यानं कोरी रिंग सुतळीनं टांगली आणि लहान पान्यानं कडेवर टकटक करत निघाला. घंटेसारखा आवाज. टण. टण. टण. एक वीत आणि चार बोटांवर आवाज बसला. बद्द. पुढं पुन्हा टण, लगेच पुन्हा बद्द. अशा पाच जागा. वरून कोटिंग गुळगुळीत, डोळ्याला काही दिसत नव्हतं, पण आतून त्यानं रिंग धरलेलीच नव्हती.

कोंडीबानं पाना मागून घेतला. स्वतः वाजवून बघितलं, दोनदा. मग आपला पंजा त्या पाच जागांवर धरून बघितला. तो जवळजवळ बसला.

“हंबीरा,” तो हलक्यानं म्हणाला, “ही बोटं हायत रं कुणाची तरी.”

“व्हय.”

“कुणाची?”

“त्येच शोधायचं. ज्याची असतील त्येची मोडून हातात देतो.”

कोंडीबानं त्याला अडवलं नाही. उलट विचारलं, “एस्टी किती वाजता हाय?”

३

रिंगांच्या खोक्यावर साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचं नाव होतं आणि आत एक कागद : कुठल्या जागी कुठली रिंग, कुठलं कोटिंग. खाली सही होती अनीश साने याची. चौकशी केल्यावर कळलं, त्यानं कारखाना सोडून वर्ष होत आलं, आता सांगलीला विश्रामबागेत एका कॉलेजात शिकवतो.

एस्टीत हंबीररावानं मनाशी खटला उभा केला. क्रोमचं कोटिंग असलेली रिंग क्रोमचाच मुलामा असलेल्या सिलिंडरमध्ये घालायची नसते. सारख्यावर सारखं घासलं की एकमेकांना चिकटतं आणि ओरबाडतं. शहरातल्या शिकलेल्या पोरानं टेबलावर बसून चुकीची रिंग निवडली असणार. विश्रामबागेत बस थांबेपर्यंत त्याच्या लेखी अनीश दोषी ठरला होता.

अनीश साने पस्तिशीचा, सडपातळ, चष्म्याचा. दोन अनोळखी गडी दारात बघून तो दचकला. त्यांच्या हातातली रिंग बघून जास्तच. त्यानं त्यांना आत बसवलं, पाणी दिलं. हंबीररावानं थेट विचारलं, क्रोमवर क्रोम घातलंस का.

नाही, असं अनीशनं शांतपणे सांगितलं. ऑर्डर घेण्याआधी त्यानं सिलिंडर कशाचा आहे ते लेखी विचारलं होतं. साधा, ओतीव लोखंडाचा. म्हणून वरच्या रिंगेला क्रोम आणि सिरॅमिकचं कठीण कोटिंग, त्याच्यावर नव्याची रग जिरेपर्यंत टिकेल असा मऊ लेप, आणि खालच्या रिंगा साध्या. हंबीररावानं तिथूनच केरळच्या इंजिनियरला फोन लावला. सिलिंडर साधाच होता. शिवाय अनीशचं पुढचं म्हणणंही त्याला पटलं : निवड चुकली असती, किंवा मालकानं कोटिंगची हलकी पूड वापरली असती, तर रिंग सगळ्या कडेनं सोलली असती. पाच ठिपके कसे पडतील?

त्या ठिपक्यांवर अनीशनं अंगठा फिरवला आणि त्याचा चेहरा उतरला.

“काका, कोटिंग काही रिंगेला खिळ्यानं ठोकत नाहीत. आधी रिंगांची चवड एका दांड्यावर चढवतात, सगळ्यांच्या चिरा एका रेषेत. मग तिच्यावर कडक दाण्यांचा मारा करतात, ब्लास्ट. त्यानं रिंगेचं अंग खरखरीत होतं आणि वितळलेली पूड त्या खरखरीला धरते. ब्लास्ट झालेल्या रिंगेला आम्ही उघडा हात लावत नाही. तेलाचं एक बोट लागलं तरी तिथं कोटिंग धरत नाही. आणि चार तासांच्या आत कोटिंग मारायचंच. उशीर झाला तर पुन्हा ब्लास्ट.”

“मग हिला कुणी लावलं बोट?”

अनीशला ते माहीत नव्हतं. तो घरच्या नवरात्रासाठी वाईला गेला होता, दसऱ्यानंतर कामावर आला तर रिंगा खोक्यात भरून तयार. त्यानं एक रिंग कापून तपासायला मागितली. मालक यशराज यांनी खात्याचं प्रमाणपत्र त्याच्यापुढं टाकलं : खात्याच्या साहेबांनी पास केलेल्या मालाला तू कोण तपासणार. अनीशनं आठवड्यानं राजीनामा दिला.

हंबीररावानं सावकाश विचारलं, राजीनाम्यात कारण काय लिहिलं होतं. अनीश म्हणाला, वैयक्तिक.

“तुमी नोकरी सोडली,” हंबीरराव म्हणाला, “आन आमची पोरं बोटीवर चढली.”

अनीश उठला आणि फोनवर ठेवलेला त्या प्रमाणपत्राचा फोटो त्यांना दाखवला. चार रिंगा, कोटिंग प्रत्यक्ष तपासले, पक्के आढळले. खाली खात्याच्या साहेबांची सही. सही हंबीररावाला पाठ होती. अहवालाच्या दुसऱ्या पानावर तीच होती.

माल पास करणारा आणि त्या मालानं मेलेल्यांची चौकशी करणारा माणूस एकच.

आणि सहीखाली तारीख होती, एक ऑक्टोबर. हंबीररावानं कोरी रिंग उलटी करून आतल्या बाजूला ठोकलेले आकडे वाचले. कोटिंग मारल्याची तारीख कारखाना तिथं ठोकतो, असं अनीशनंच सांगितलं.

तीन ऑक्टोबर.

४

गेल्या वर्षी दोन ऑक्टोबरला दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी आली होती. म्हणजे एक तारीख खंडेनवमी. खंडेनवमीला आपल्याकडं यंत्र चालत नाही. चाक पुसायचं, हत्यार मांडायचं, पूजा करायची आणि त्याला विश्रांती द्यायची. फौजेत असताना हंबीरराव बर्फातसुद्धा जॅक आणि पान्यांना हळदकुंकू लावत आला होता. म्हणजे एक तारखेला कारखाना बंद होता, कोटिंग झालेलंच नव्हतं, आणि खात्याच्या साहेबांनी ते तपासून पक्कं असल्याचं लिहून दिलं होतं.

यशराजच्या केबिनमध्ये थंड हवा होती. चाळिशीचा, गोरागोमटा, बोलायला गोड. बसा काका, चहा घ्या काका. तारखेचं विचारल्यावर हसला. टायपिंगची चूक, असं होतं. बोटांचं विचारल्यावर मात्र त्याचं हसू थांबलं. मग त्यानं खुर्ची पुढं ओढली आणि विश्वासात घेतल्यासारखं सांगितलं की चंद्राबाई म्हणून एक बाई रिंगा पुसायच्या कामाला होती, जुनी, अडाणी, ऐकायची नाही. तिनंच तेलकट हात लावला असणार. मार्चमध्ये तिला काढून टाकलं. त्या बिचाऱ्या पोरांचं फार वाईट वाटतं.

तो बोलत असताना हंबीरराव त्याच्या मागच्या भिंतीकडं बघत होता. तिथं कारखान्याच्या समारंभांचे फोटो होते. एका फोटोत फेटा बांधलेला, गळ्यात हार घातलेला एक सुटाबुटातला माणूस पूजेचं ताट घेऊन उभा होता. शेजारी यशराज, हात जोडून. मागं दांड्यावर चढवलेली कड्यांची एक चवड, मळकट राखेच्या रंगाची, आणि तिच्यावर वरून खाली पिवळ्या-लाल रेघा. हंबीररावानं विचारलं, फोटो छान आहे, माझ्या फोनात घेऊ का. यशराजला वाटलं म्हातारा निवळला. घ्या की, म्हणाला.

बाहेर आल्यावर कोंडीबाचा संताप उसळला. एका बाईच्या हातानं आपली दोन पोरं गेली, तिला जाऊन विचारू. चालताना हंबीररावाच्याही मुठी वळलेल्या होत्या.

चंद्राबाई कोडोलीला एका खानावळीत भाकऱ्या थापत होती. साठीची, काटक. हे दोघं कोण ते कळल्यावर तिनं तवा उतरवला. हंबीररावानं टॉवेलात गुंडाळलेली रिंग काढली आणि तिच्यापुढं धरली. ती झटकन मागं सरली.

“आवं, असं धरत्यात व्हय? घामाचा हात लागतोय की.” तिनं आधी हात धुतले, पदराचं कोरडं टोक काढलं आणि त्या टोकात धरून रिंग घेतली. वापरायची नव्हती, निकामी रिंग होती ती. तरी तिनं तशीच घेतली. बावीस वर्षांची सवय.

हंबीररावाच्या मुठी सुटल्या. ह्या बाईनं तेलाचं बोट लावणं शक्य नव्हतं. ती ज्या यंत्रापाशी उभी असेल तिथं दुसऱ्या कुणाला तिनं लावू दिलं नसतं. हातावर फटका मारला असता, मग तो कामगार असो की मालक. आणि मालकालाही ब्लास्ट झालेल्या रिंगेचं मोल माहीत होतं. कारखान्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं. मग हात लावणारा असा हवा, ज्याला ह्यातलं काही माहीत नाही, आणि ज्याला नको म्हणायची कुणाची छाती नाही.

“आक्का,” तो म्हणाला, “बोटं कारखान्यातल्या कुणाचीच न्हाईत. पावण्याची हायत. पूजेच्या पावण्याची.”

चंद्राबाई भिंतीला टेकून खाली बसली आणि तिनं सगळं सांगितलं. तीस तारखेला संध्याकाळी ब्लास्ट झाला आणि कोटिंगच्या फवाऱ्याचं यंत्र पूजेसाठी धुवायला घेतलं, म्हणून चवड तशीच राहिली. खंडेनवमीला अकराच्या सुमाराला खात्याचे साहेब आले. पूजा त्यांच्या हस्ते. सगळ्या यंत्रांना त्यांनी बोटं ओढली आणि चवडीपुढं आले. चंद्राबाई पुढं झाली, तर मालकांनी डोळे वटारले. साहेबांनी तेलात कालवलेल्या हळदकुंकवात पाची बोटं बुडवली आणि वरच्या रिंगेपासून खालच्या रिंगेपर्यंत ओढली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

“मी दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी मालकास्नी म्हनलं, परत ब्लास्ट मारा. मालक म्हनलं, सायबांच्या हातची पूजा हाय, खरडून काढायची न्हाई, अपशकुन हुतो. फडक्यानं पुसा आन घ्या. मी पुसलं, दादा. मी नुसतं पुसलं.”

“मार्चात तुमाला काढलं ते का?” कोंडीबानं विचारलं.

“बोटीची बातमी आली तवा मी इचारलं, कुठल्या रिंगा हुत्या त्या.”

कोंडीबानं तिच्या पुढ्यातली घागर उचलून तिला पाणी दिलं. हंबीररावानं विचारलं, हे सगळं साहेबांच्या तोंडावर सांगाल का. ती म्हणाली, काढायला आता माझ्याकडं नोकरी कुठं हाय.

५

कोडोलीहून परतल्यावर दिलेल्या ‘विषय : खोटेपणा’ या अर्जाची सुनावणी साताऱ्याच्या विश्रामगृहात ठेवली. लांबलचक टेबल, पलीकडं साहेब, शेजारी टंकलेखक. यशराजला जाणकार म्हणून बोलावलं होतं. अलीकडं हंबीरराव, कोंडीबा, चंद्राबाई आणि, कुणी न बोलावता, सांगलीहून आलेला अनीश.

साहेबांनी सुरुवात सहानुभूतीनं केली. पुत्रशोक समजू शकतो, पण तांत्रिक बाबी तांत्रिक असतात. हंबीररावानं तीन नंबरच्या रिंगेचे तुकडे टेबलावर ठेवले आणि टंकलेखकाला म्हणाला, तुम्ही तांत्रिक नाही, तुम्हीच सांगा, अक्षरं कुठल्या अंगावर आहेत आणि घासलेलं अंग कुठलं. टंकलेखकानं साहेबांकडं बघितलं, मग तुकड्याकडं, आणि खरं तेच सांगितलं.

बाकीचं हंबीररावानं घाई न करता मांडलं. दोरी लावून पाच ठिपक्यांचं अंतर दाखवलं. कोरी रिंग वाजवून दाखवली. त्या थंड खोलीत बद्द आवाज सगळ्यांना ऐकू गेला. चवड, ब्लास्ट, कोटिंग किती तासांत मारायचं, हे अनीशनं सांगितलं, आणि आपण त्या वेळी गप्प बसलो हेही सांगितलं. पूजा चंद्राबाईनं सांगितली. यशराज मध्येच म्हणाला की ह्या बाईला आकसानं बोलवून आणलंय. ती त्याच्याकडं न बघता म्हणाली, “मालक, फोटूत मी बी हाय. मागं, खांबापाशी.” फोटोत ती होती. एक हात पुढं केलेला, तोंड उघडं.

साहेबांनी फोटो पाहिला. रुमालानं चष्मा पुसला. मग म्हणाले की आपण भावनेच्या भरात श्रद्धेचा विषय इथं आणत आहात. एका कारखान्यानं आग्रह केला, आपण पूजा केली. आपल्याला त्या रिंगांची काय अवस्था आहे हे ठाऊक नव्हतं. अजाणता घडलेल्या गोष्टीला गुन्हा म्हणता येत नाही.

“पूजेला मी गुन्हा म्हनतच न्हाई,” हंबीरराव म्हणाला. “मीबी करतो. तुमाला ठावं नव्हतं, मान्य. पर एप्रिलात ठावं झालं.”

त्यानं आणखी एक कागद काढला. केरळच्या इंजिनियरनं एप्रिलमध्ये खात्याला पाठवलेल्या पत्राची प्रत. सोबत एक, तीन आणि पाच नंबरच्या सिलिंडरांतल्या रिंगांचे फोटो, पाच-पाच ठिपक्यांसकट. खाली विचारलं होतं : शेडग्यांनी तिन्ही रिंगा सरळ बसवल्या होत्या, मग तिन्हींचं कोटिंग एकाच जागी कसं उडालं? खात्याचा पोचेचा शिक्का त्यावर होता. अहवालात मात्र एक आणि पाच नंबरचं नावही नव्हतं. एकच मोडकी रिंग घेतली, मेलेल्या फिटरनं ती उलटी बसवली असं लिहिलं आणि फाईल बंद केली. पाच ठिपके बघून दुसऱ्या कुणाला काय कळलं असतं देव जाणे. ज्यानं ती बोटं ओढली होती त्याला कळलं होतं.

साहेबांचा उजवा हात टेबलावर पसरलेला होता, पेनाशेजारी. हंबीरराव त्या हाताकडं बघत होता. कोंडीबा त्याच्या कानाशी वाकला.

“मोडतूस का मी मोडू?”

हंबीरराव खरंच उठला. टेबलाला वळसा घालून साहेबांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. यशराजनं खुर्ची मागं सरकवली. फौजी पंजा साहेबांच्या मनगटावर पडला आणि तिथंच थांबला. साहेबांचा चेहरा पांढरा झाला होता.

“ऱ्हाऊ दे, कोंडीबा,” हंबीरराव म्हणाला. “ह्या हातानं अजून लिवायचं हाय.”

त्यानं पेन उचलून साहेबांच्या बोटांत दिलं आणि कोरा कागद पुढं सरकवला. साहेब पुटपुटले की फेरचौकशीचा प्रस्ताव वर पाठवू, योग्य वेळी लेखी कळवू. टंकलेखकाला उठायची खूण त्यांनी केली. टंकलेखक उठला नाही. कोंडीबानं आपली खुर्ची उचलली, दाराला लावली आणि तिच्यावर बसला. वाडीत मल्हारची आई वाट बघत होती. तिला संध्याकाळपर्यंत निरोप देतो असं तो सांगून आला होता, आणि निरोप घेतल्याशिवाय जायला तो तयार नव्हता.

“वर नगं, खाली नगं,” हंबीरराव म्हणाला. “रिंग सरळ हुती का उलटी, ते माझ्या पोराचं नाव घालून आत्ता लिवा. आन लिवायच्या आधी एक तोंडानं सांगा. टंकसाहेब, तुमी टायपा.” त्यानं प्रमाणपत्र साहेबांच्या डोळ्यांपुढं धरलं. “कोटिंग तीन तारखेला मारलं. सही तुमी एक तारखेला केली. त्या दिशी त्या रिंगांवर तुमच्या बोटांबिगर काय बी नव्हतं. मग तुमी तपासलं काय, साहेब?”